एक 'कॉन्स्टंट' आणि सरकलेले स्लॉट

एका व्हॉल्ट काँट्रॅक्टची, म्हणजे ठेवी सांभाळणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती आमच्याकडे तपासणीला आली. काँट्रॅक्ट सॉलिडिटी या भाषेतलं, प्रॉक्सीमागे चालणारं. प्रॉक्सी म्हणजे कायम राहणारं पुढचं काँट्रॅक्ट: डेटा त्याच्याकडे, कोड मात्र मागच्या, बदलता येणाऱ्या काँट्रॅक्टचा. बदल एका ओळीचा: फी साठवणाऱ्या यूइंट२५६ (पूर्णांक) व्हेरिएबलला 'कॉन्स्टंट' (न बदलणारं मूल्य) लावून तिथेच २५० लिहिलं होतं, म्हणजे दहा हजारांत अडीचशे.

हेतू रास्तच होता. २०२१ च्या बर्लिन अपग्रेडपासून इथेरियमवर व्यवहारात एखादा स्टोरेज स्लॉट (कायमच्या साठवणीतलं क्रमांकाचं घर) पहिल्यांदा वाचायला २१०० गॅस, म्हणजे व्यवहाराच्या खर्चाची एककं, लागतात. कॉन्स्टंटचं मूल्य कंपायलर थेट बाइटकोडमध्ये (तयार यंत्रकोडात) घालतो, ते स्टॅकवर, म्हणजे चालू हिशेबाच्या तात्पुरत्या जागेत, आणायला ३ गॅस पुरतो. चाचण्याही सगळ्या पास झाल्या होत्या.

तरी आम्ही दोन्ही आवृत्त्यांचा स्टोरेज लेआउट काढून शेजारी ठेवला. जुना क्रम असा: स्लॉट ० मध्ये मालकाचा पत्ता, १ मध्ये फी, २ मध्ये ट्रेझरीचा पत्ता, ३ वर शिलकांचं मॅपिंग (खात्यावरून शिल्लक शोधणारा तक्ता). कॉन्स्टंट स्लॉट घेतच नाही, त्यामुळे फीच्या खालचं सगळं एकेक घर वर सरकलं होतं. डेटा मात्र प्रॉक्सीत असतो आणि तो जागचा हलत नाही. मेननेटच्या फोर्कवर, म्हणजे खऱ्या साखळीच्या चाचणी-प्रतीवर, अपग्रेड चालवलं, तेव्हा ट्रेझरी स्लॉट १ वाचू लागली आणि तिथला जुना २५० हा आकडाच पत्ता म्हणून घेऊ लागली. तिकडे गेलेली फी कोणालाच काढता आली नसती. मॅपिंगमधली जागा 'की' (इथे खात्याचा पत्ता) आणि स्लॉट क्रमांक यांच्या केचॅक हॅशवरून (त्यांच्यापासून काढलेल्या ठशावरून) ठरते आणि तो क्रमांक ३ चा २ झाला होता, म्हणून प्रत्येक खातेदाराची शिल्लक शून्य! चाचण्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं, त्या दर वेळी कोरं काँट्रॅक्ट डिप्लॉय करत होत्या.

उपाय सोपा निघाला. जुनं व्हेरिएबल 'प्रायव्हेट' करून, 'वापरात नाही' असं नाव देऊन त्याच जागी ठेवलं आणि कॉन्स्टंट वेगळा जाहीर केला. तो कुठेही लिहिला तरी चालतो. फक्त पब्लिक गेटरचं (बाहेरून मूल्य वाचायच्या फंक्शनचं) जुनं नाव टिकवायला सांगितलं. शैलीनुसार ते कॅपिटल अक्षरांत केलं असतं, तर वेबसाइटची हाक फसली असती.

सुरुवातीची वेळही कॉन्स्टंट करायची त्यांची इच्छा होती. ब्लॉकचा टाइमस्टँप कंपाइल करताना ठाऊक नसतो, त्यामुळे कंपायलर तो नाकारतो. 'इम्युटेबल' (एकदाच भरायचं मूल्य) कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे काँट्रॅक्ट डिप्लॉय होताना, भरता येतं, पण प्रॉक्सीमागे ते इम्प्लिमेंटेशनच्या (मागच्या काँट्रॅक्टच्या) कोडमध्ये बसतं, म्हणजे दर अपग्रेडला नवी वेळ. ती स्टोरेजमध्ये, शेवटच्या स्लॉटनंतर ठेवायला सांगितलं.