पाणपोईचं पाणी

मे महिना होता, जळगावात पारा ४४ च्या पुढे. मी नर्स असलेल्या केमोच्या डे-केअरला अमळनेरकडचे एक बाबा आले होते, कापूस-मका पिकवणारे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता पहिलीच केमो. औषध ऑक्झॅलिप्लॅटिन. ते सलाइनमध्ये मिसळायचं नसतं, ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून दोनेक तासांत सोडायचं. उन्हातून आलेत म्हणून मी त्यांना आग्रहाने एसीखालची खुर्ची दिली. निघताना नेहमीचा पाढा म्हटला: उलटीच्या गोळ्या वेळेवर, ताप १००.४ झाला की लगेच फोन, आणि पाच-सहा दिवस फ्रीजचं पाणी बंद.

अर्ध्या तासात रिक्षा परत दारात. बाबांनी गळा धरलेला, डोळे पांढरे. मुलगा ओरडत होता, "रिअ‍ॅक्शन आली!" माझ्याही पोटात गोळा आला, कारण या औषधाची अ‍ॅलर्जी होऊ शकते. डॉक्टरांना हाक मारली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८. अंगावर गांधी नाहीत, ओठ-जीभ सुजलेली नाही, छातीत घरघर नाही, बीपी ठीक.

"काय प्यायलात बाबा?"

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. "स्टँडजवळ पानपोईवर पानी पिनात. फ्रिजनं नही, माय. फ्रिज शेच कोठे आमना घर?"

पाणपोई! रांजण, भोवती ओलं गोणपाट, वर सावली. या उन्हात त्याच्याइतकं गार दुसरं काय असणार? या औषधाने नसा गारव्याला इतक्या हुळहुळ्या होतात की थंड घोट घशाला लागला, की श्वासच बंद झाल्यासारखा वाटतो. वाट उघडीच असते, हवा जात असते. पण हे जिवाच्या आकांताने गळा धरलेल्या माणसाला कसं पटणार? एसी बंद केला, कोमट पाणी घोट-घोट दिलं, ऑक्सिमीटरचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. वीसेक मिनिटांत बाबा मोकळे झाले.

चूक माझी होती. त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. नर्सिंगच्या पुस्तकातलं 'थंड' मी फ्रीजवर नेऊन ठेवलं, खानदेशातलं 'थंड' माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच दुपारी कागद नव्याने लिहिला: माठ, पाणपोई, बर्फाचा गोळा, रसवंतीतला रस, कूलरची हवा तोंडावर, पहाटे विहिरीच्या पाण्यात हात, गार कळशीला स्पर्श. बाईंना वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "या उनमा ऊन पानी?" मला हसू आवरेना, त्यांनाही.

तीन आठवड्यांनी बाबा आले ते काखेत थर्मास मारून, तोंडाला रुमाल बांधून. यावेळी औषध जास्त तास घेऊन सोडायचं होतं. मी सवयीने पुन्हा त्याच खुर्चीकडे हात केला.

"तठे नको, माय," म्हणत ते झळा येणाऱ्या खिडकीजवळ जाऊन बसले. मी स्टँड तिकडे ओढत नेला.