उद्यापासून नक्की

आमच्या बिल्डिंगमधे एक काका आहेत, शुगरवाले. डायबेटिसबद्दल त्यांना इतकं माहितीये की एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) म्हणजे काय हे मला त्यांच्याकडूनच कळलं, भातापेक्षा ज्वारी का बरी, फळ चालतं पण ज्यूस का नाही, पायाला जखम झाली तर काय होतं, सगळं तोंडपाठ. आणि हे सगळं ते सांगत असतात तेव्हा त्यांच्या हातातल्या वाटीत गुलाबजाम असतात. विचारलं तर म्हणतात, अरे आज गणपती आहेत, उद्यापासून बंद.

आता यांना काय शिकवणार तुम्ही? माहिती कमी आहे असं म्हणायची सोयच नाही. सिगारेटच्या पाकिटाचंही तेच, आपल्याकडे २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि ते भयानक चित्र छापलेलं असतं, ओढणारा माणूस रोज ते चित्र बघतो, अंगठ्याने बाजूला सारतो आणि एक काढतो. रात्री साडेबाराला रील बघणाऱ्या माणसालाही कोणी झोपेचं महत्त्व सांगायला नको, बहुतेक तो झोपेच्या महत्त्वावरचंच रील बघत असतो.

हे असं का, हा प्रश्न फार जुना आहे आणि यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं आपटलंय. सॉक्रेटिसचं म्हणणं तर असं की हे शक्यच नाही. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ संवादात तो सांगतो, काय चांगलं ते ज्याला खरंच कळलंय तो जाणूनबुजून वाईट करणारच नाही, करत असेल तर त्याला कळलेलं नाही, बास. ऐकायला उद्धट वाटतं पण पुढे तो एक झकास गोष्ट म्हणतो, की जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची छोटी, सुखदुःखाचंही तसंच होतं, म्हणून माणसाला मापायची कला हवी. म्हणजे गुलाबजाम वाटीत आहे आणि किडनी फेल होणं दहा वर्षं लांब, माप चुकलं. पटतं. पण काका मापातही पक्के आहेत हो, किती युनिट इन्सुलिन वाढवायचं ते गुलाबजाम मोजून सांगतात!

अ‍ॅरिस्टॉटल जरा जमिनीवरचा माणूस, तो म्हणतो की सॉक्रेटिसचं हे डोळ्यांना दिसतं त्याच्या सरळ उलटं आहे, लोक कळूनसुद्धा तसं वागतातच की. मग तो म्हणतो की त्या क्षणी माणसाकडचं ज्ञान झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाच्या ज्ञानासारखं असतं, दारू प्यायलेला माणूस एम्पेडोक्लीज या जुन्या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी धडाधड म्हणून दाखवतो पण म्हणजे त्या त्याच्या आत असतात असं नाही. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, कारण दोन पेगनंतर तुकाराम सांगणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत, फक्त अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधेही तीच मंडळी होती हे माहीत नव्हतं.

तरी मला वाटतं ही तत्त्वज्ञ मंडळी थोडी बाहेर उभी राहून बघतात. आतून सांगणारा माणूस भेटतो तो ऋग्वेदात, दहाव्या मंडलात, चौतिसावं सूक्त. वेदात जुगाऱ्याचं सूक्त आहे हे मला खूप उशिरा कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. बेहड्याच्या फळांचे फासे आणि बोलणारा स्वतः हरलेला जुगारी. बायको गेली, सासू तोंड बघत नाही, आई बाप भाऊ म्हणतात आम्ही याला ओळखत नाही, घेऊन जा बांधून. आणि मग तो म्हणतो की मी ठरवतो, आता यांच्याशी खेळायचं नाही, मित्र पुढे निघून जातात, मी मागे राहतो, आणि तेवढ्यात ते तपकिरी फासे पटावर पडल्याचा आवाज येतो आणि मी निघतो, प्रियकराकडे निघालेल्या बाईसारखा. आवाज! व्हॉट्सअ‍ॅपचं टुंग वाजल्यावर हात आपोआप कुठे जातो ते आठवा. पुढे तो फाशांबद्दल म्हणतो, यांना हात नाहीत पण हात असलेल्याला हे हरवतात, स्पर्शाला गार आहेत पण काळीज जाळतात. शेवटी शेवटी सल्ला येतो, फासे खेळू नकोस, शेती कर. सल्ला उत्तमच आहे, पण सूक्त लक्षात राहतं ते सल्ल्यामुळे नाही.

गीतेत अर्जुन तिसऱ्या अध्यायात हेच विचारतो, की इच्छा नसताना, कोणीतरी बळजबरीने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो. आणि संत ऑगस्टीन तरुणपणी देवाकडे मागायचा की मला संयम दे पण इतक्यात नको. इतका प्रामाणिक नवस मी दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडे गडकऱ्यांचा सुधाकर आहेच. ‘एकच प्याला’ १९१९ साली, गडकरी गेल्यावर, रंगभूमीवर आलं, आणि लोकांना त्यातला तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ जास्त आठवतं कारण ते हसवतं. पण मला अंगावर येतो तो सुधाकर, कारण तो अडाणी नाही, वकील आहे, हुशार आहे, आणि दारू पहिल्या प्याल्यापासून माणसाला कशी पायरी पायरीने आत ओढते आणि मग बाहेर का येता येत नाही हे रामलालला तोच समजावून सांगतो. दारूबंदीवर भाषण द्यायला याच्यापेक्षा चांगला माणूस मिळाला नसता. सोडायचं ठरवतो, कामाच्या शोधात बाहेर पडतो, अपमान होतो, की परत तिथेच.

बरं लिहिणारे तरी सुटतात का? तर रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की बघा. १८६५ साली त्याने प्रकाशकाशी असा करार करून ठेवला होता की १ नोव्हेंबर १८६६ च्या आत कादंबरी दिली नाही तर नऊ वर्षं त्याचं लिखाण प्रकाशक फुकट छापणार, म्हणून शेवटी आना नावाची स्टेनो ठेवून महिन्याच्या आत ‘जुगारी’ सांगून लिहून घेतली. रुलेटच्या टेबलावर माणसाच्या डोक्यात काय चालतं याचं इतकं बारीक वर्णन, वाटतं की हा माणूस आता बरा झाला. मग त्याने त्याच आनाशी लग्न केलं, परदेशात गेले, आणि बाडेन-बाडेनला तिचे दागिने गहाण टाकून पठ्ठ्या रुलेट खेळत बसला. सुटलं ते १८७१ मधे, म्हणजे कादंबरीनंतर पाच वर्षांनी. त्याआधी ‘ही शेवटची’ असं तो बायकोला किती वेळा म्हणाला असेल ते आनाच जाणे.

म्हणून साहित्य वाचून माणूस सुधारतो वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. पण एक आहे, ही मंडळी उपदेशकापेक्षा जास्त आपली वाटतात, आणि या सगळ्यात माझा सगळ्यात लाडका कोण विचाराल तर युधिष्ठिर. धर्मराज! यक्षाच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देणारा. हा माणूस राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी सगळं हरतो, धृतराष्ट्र सगळं परत देतो, हे निघतात, वाटेत परत बोलावणं येतं की या अजून एक डाव, आणि हा जातो. वनवासात बृहदश्व ऋषी त्याला नलाची गोष्ट सांगतात, नलही द्यूतातच बुडालेला, आणि या गोष्टीतून युधिष्ठिर काय घेतो तर फाशांची विद्या शिकून घेतो. पुढे अज्ञातवासात जगातलं कुठलंही काम निवडायची मुभा असताना विराटाच्या दरबारात कंक नाव घेऊन राजाबरोबर फासे खेळायची नोकरी धरतो. भीम बिचारा स्वयंपाक करतोय.

तिथे विराटपर्वात एक प्रसंग आहे. मुलगा उत्तर कौरवांना हरवून गायी सोडवून आणतोय अशी बातमी आलीये, विराट खुशीत, म्हणतो सैरंध्री, फासे आण. कंक त्याला समजावतो, महाराज, द्यूतात फार दोष आहेत, पांडवांचा तो युधिष्ठिर, पाहिला असेल तुम्ही, निदान ऐकलं तरी असेल, भरलेलं राज्य घालवलं त्याने याच्यापायी, म्हणून मला द्यूत आवडत नाही. पण तुमची इच्छा असेल तर खेळू.

आणि बसले दोघं. खेळता खेळता विराटाने त्याच्या तोंडावर फासा फेकून मारला, नाकातून रक्त आलं. पण ते भांडण बृहन्नडेवरून, म्हणजे वेषांतर केलेल्या अर्जुनावरून होतं, जुगारावरून नव्हे.