नाक्यावर स्टॉपचा बोर्ड लावायचा का?

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत यंदाची कमिटी मीटिंग एकाच मुद्द्यावर तासभर तापली. गल्लीच्या नाक्यावर 'स्टॉप'चा बोर्ड मागायचा, की स्पीडब्रेकर?

गल्ली सिमेंटची झाल्यापासून गाड्या सुसाट सुटतात, हे खरंच. दुपारी साडेबाराला शाळेची सकाळची शिफ्ट सुटते, दुपारची भरत असते आणि नेमकी तेव्हाच डिलिव्हरीवाली पोरं, स्कूल व्हॅन आणि रिक्षा एकमेकांच्या अंगावर येतात. मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना स्कूटर घासून गेली. थोडक्यात निभावलं.

बोर्डाचा आग्रह तळमजल्यावरच्या काकांचा. त्यांची लेक न्यू जर्सीत असते. "अहो, तिथे रात्री दोन वाजता चिटपाखरू नसलं तरी गाडी थांबते!" थांबत असेल. पण रस्त्यावरच्या पाट्या-सिग्नलांच्या तिथल्याच नियमावलीत, एमयूटीसीडीत, स्पष्ट म्हटलंय की वेग आवरायला स्टॉपचा बोर्ड वापरू नये. आधी कोणी जायचं हे ठरवण्यापुरताच तो असतो. उगाच लावला तर लोक त्याला जुमानत नाहीत. लाल अष्टकोनी बोर्ड आपल्याकडेही आहे, लायसन्सच्या परीक्षेत सगळे तो बरोबर ओळखतात. नंतर कुणाची ओळख राहत नाही, ते सोडा.

स्पीडब्रेकरचा अनुभव आम्ही घेतलाय. मागे कुणीतरी उरलेला डांबरमाल रातोरात ओतून नाक्याअलीकडे एक टेंगूळ उभं केलं होतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलसर ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग ठेवला तर फारसा दणका बसत नाही. आमचा जेमतेम हातभर रुंद. पहाटे दुधाचा टेम्पो त्यावरून गेला की क्रेट असे आदळायचे की पहिल्या मजल्याला अलार्मची गरज उरली नव्हती. बाइकवाले मात्र मजेत. गटाराच्या झाकणालगत वीतभर पट्टी सपाट राहिली होती, सगळे तिथून निसटायचे. आणि फुटपाथवर कुंड्या, पाट्या नि स्कूटरी असल्यामुळे चालणारी माणसंही त्याच पट्टीवर!

मीटिंगच्या आदल्या दिवशी दुसरीतल्या भाचीला शाळेतून आणताना मी नाक्यावर तिच्या उंचीला वाकून पाहिलं. वडापावची गाडी, तिला चिकटून टेम्पो, मग थेट वळणापर्यंत एक पांढरी कार. तिला येणारी रिक्षा दिसत नाही आणि रिक्षावाल्याला ती. ताशी ३० ने येणारी रिक्षा सेकंदाला आठ मीटर कापते. पोर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा रस्ता गेलेलाच असतो, गाडी थांबायला सुरुवात होते ती त्यानंतर. इथे बोर्ड लावला तरी तो टेम्पोच्या मागेच झाकला जाणार. आधी कोपरा मोकळा करा, हेच मी मीटिंगमध्ये मांडलं. चौकाजवळ आणि वळणावर पार्किंगला तशी बंदी आहेच, त्यासाठी नवा नियम कुणाकडे मागायला नको.

बरीच हुज्जत झाल्यावर अर्ज ठरला. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग, शाळेसमोर झेब्रा पट्टे आणि ब्रेकर हवाच तर मापाचा, ट्रॅफिक पोलिसांना विचारून. स्टॉपचा बोर्ड फक्त आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या टोकाला, कारण तिथे आधी कोणी जायचं हा प्रश्न खरोखरच आहे.

सह्या जवळजवळ झाल्यात. काकांची बाकी आहे, कारण ती पांढरी कार त्यांचीच. "मग मी गाडी कुठे लावू?" हा त्यांचा सवाल काही गैर नाही. पंपरूमच्या मागचं भंगार काढलं तर तिथे एक गाडी मावते का, हे येत्या रविवारी टेप घेऊन मोजणार आहोत.