उत्तर मी सांगणार नाही: गणिताच्या तासाला वर्ग बोलता करताना

गणिताचा तास बहुतेक वेळा शाळेतला सगळ्यात शांत तास असतो, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचं कौतुकही होतं. मी नववी-दहावीला गणित शिकवते. फळ्यावर एक उदाहरण, मग वहीत तसंच दुसरं, मग "समजलं का?" आणि त्यावर एका सुरात "हो बाई". चाचणीचे पेपर तपासायला घेतले की या "हो"चा मागमूस सापडायचा नाही. मुलांनी गणिताबद्दल आपापसांत बोलावं, एकमेकांचं म्हणणं खोडून काढावं, असं फार वाटायचं. ते घडवून आणण्यात वर्षाचा बराचसा भाग गेला, आणि अजूनही प्रत्येक प्रकरणात जमतंच असं नाही.

पहिली अडचण प्रश्नांचीच होती. पुस्तकातलं उदाहरण देऊन "गटात चर्चा करा" म्हटलं, की एक मूल ते सोडवतं आणि बाकीची उतरवून घेतात. त्यांना तरी काय बोल लावणार? ज्याची रीत आधीच ठरलेली आहे, त्यावर वाद घालायला जागाच नसते. म्हणून मी असे प्रश्न शोधू लागले, ज्यांना पहिल्या नजरेत दोन वेगळी उत्तरं सारखीच खरी वाटतील.

सुरुवात विधानांपासून केली. फळ्यावर एक वाक्य लिहायचं आणि मुलांनी ठरवायचं, की हे नेहमी खरं, कधीकधी खरं, की कधीच खरं नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठातले माल्कम स्वान यांनी अशा कृतींवर पुष्कळ काम केलं आहे आणि मूळ कल्पना मी तिथूनच उचलली. नुसतं "चूक की बरोबर" विचारलं तर मुलं अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. "कधीकधी" असं कुणी म्हटलं, की शेजारचा लगेच विचारतो, "म्हणजे कधी?" इथून बोलणं आपोआप सुरू होतं.

पहिलं वाक्य होतं: आयताची परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं. जवळजवळ सगळा वर्ग "नेहमी"वर ठाम. मी मान हलवली नाही की भुवई उंचावली नाही, फक्त म्हटलं, "ज्यांना पटत नाही त्यांनी एक आयत काढून दाखवा." थोड्या वेळाने एक मुलगी उठली आणि तिने १० बाय १ चा आयत काढला: परिमिती २२, क्षेत्रफळ १०. शेजारी ४ बाय ४ चा चौरस: परिमिती १६, क्षेत्रफळही १६. मागून लगेच आवाज आला, "पण तो चौरस आहे, आयत कुठे?" आणि चर्चा भलत्याच रस्त्याला लागली. चौरस हा आयत असतो का? मी थांबवलं नाही. व्याख्या पाठ करून घेताना जे कधी साधलं नव्हतं ते त्या भांडणात साधलं, कारण या वेळी व्याख्येची गरज मुलांनाच पडली होती. शेवटी कुणीतरी चौरस पुसून ५ बाय ३ चा आयत काढला आणि मूळ मुद्दा पुन्हा मार्गाला लावला.

अपरिमेय संख्यांच्या वेळी हीच कृती आणखी रंगली. "दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच असते." √२ आणि √३ घेऊन मुलं निर्धास्त झाली होती. एकाने हळूच √२ आणि −√२ मांडलं, बेरीज शून्य. "ही चीटिंग आहे" असं त्याला सुनावण्यात आलं. का, हे मात्र कुणाला सांगता येईना. चीटिंगचा आरोप टाळण्यासाठी मग त्याच गटाने २ + √३ आणि २ − √३ शोधून काढल्या, बेरीज ४. हे उदाहरण मी स्वतः फळ्यावर लिहिलं असतं तर वहीत उतरलं असतं, इतकंच.

दुसरा धडा गप्प बसण्याचा होता, आणि तो मला जास्त जड गेला. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला दिसलं. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद वाचायला क्षुल्लक वाटतात. चाळीस चेहरे तुमच्याकडे बघत असताना ते मोजून पाहावेत! मी मनात पाचपर्यंत आकडे म्हणायचे. शिवाय एक नियम केला: प्रश्नानंतर हात वर करायचा नाही. आधी एकट्याने वहीत काहीतरी लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गाशी. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे माहीत आहे. अनेक ठिकाणी तिची पहिली पायरीच गाळली जाते, आणि माझ्या मते सगळी मदार त्या पायरीवर आहे. वहीत दोन ओळी नसतील तर जोडीत पटकन बोलणाऱ्याचंच राज्य चालतं.

आता त्या तासाबद्दल, ज्याने माझा या सगळ्यावर विश्वास बसला. प्रश्न जुनाच आहे. वर्तुळाच्या कडेवर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाला जीवेने जोडायचा आणि वर्तुळाचे किती भाग पडले ते मोजायचं. एक बिंदू, एक भाग. दोन बिंदू, दोन भाग. तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला किती? सगळ्या वर्गाने ३२ म्हटलं, काहींनी तर मी प्रश्न पूर्ण करायच्या आतच. मी फळ्यावर ३२ लिहिलं आणि म्हटलं, "काढून मोजा."

पुढची पंधरा मिनिटं मी फक्त बाकांमधून फिरत होते. कुणालाच ३२ भाग मिळेनात. कुणाचे ३१ होत होते, कुणाचे ३०, आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याचा एक भाग मोजायचा राहिला. मुलं भागांवर आकडे लिहायला लागली, रंग भरायला लागली, एकमेकांच्या आकृत्या मोजायला लागली. तरी ३१ वाले ३१ च मोजत होते आणि ३० वाले ३०. मग एका मुलाच्या लक्षात आलं की ३० वाल्यांनी सहाही बिंदू अगदी सारख्या अंतरावर, कंपासने नीट मोजून घेतले आहेत. नीटनेटक्या आकृतीत समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन जीवा बरोबर मध्यावर एकाच बिंदूत मिळतात. बिंदू जरा वेडेवाकडे घेतले की त्या तीन जीवांच्या मध्ये एक चिमुकला त्रिकोण तयार होतो. तोच तो एकतिसावा भाग. ज्यांच्या आकृत्या सुबक म्हणून नेहमी वाखाणल्या जातात त्यांचा भाग कमी भरला होता, याचा काही जणांना झालेला आनंद मी लिहीत नाही.

मग खरा प्रश्न आला, तोही मुलांकडूनच: "१, २, ४, ८, १६ असं येऊनसुद्धा पुढे ३२ येत नसेल, तर आकृतिबंध बघून काढलेल्या कुठल्याही नियमावर विश्वास कसा ठेवायचा?" सिद्धता का लागते, हे मी तोवर अनेकदा सांगितलं होतं. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

तिसरी कृती सोडवलेल्या उत्तरांची. वर्गसमीकरणं शिकवताना फळ्यावर दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहिली, नावं न घेता. उदाहरण होतं क्ष² = ५क्ष. पहिल्या उत्तरात दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ काढलं होतं. दुसऱ्यात सगळं एका बाजूला आणून, अवयव पाडून क्ष = ० किंवा क्ष = ५. आधी मतदान घेतलं. मतदान आधी घेण्याचा फायदा असा, की मत दिल्यावर प्रत्येकाला आपली बाजू राखावीशी वाटते. पहिल्या उत्तराचे पुष्कळ पाठीराखे निघाले, कारण ते आटोपशीर होतं. "भागाकार दोन्हीकडे केलाय, मग चूक कुठे?" यावर दुसऱ्या बाजूने शून्य मूळ समीकरणात घालून दाखवलं: डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. "मग ते गेलं कुठे?" हा प्रश्न बराच वेळ हवेत राहिला. शेवटी पहिल्या बाजूच्याच एका मुलीने स्वतःचं मत बदललं. क्ष ने भागताना क्ष शून्य नाही असं आपण गुपचूप धरलं होतं, असं तिचं म्हणणं. तिचे शब्द जवळजवळ हेच होते आणि मला त्यात काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. चुकीचं उत्तर वर्गातल्याच कुणाचं असेल तर अक्षरावरूनही ओळखू येतं, म्हणून मी ते नेहमी माझ्या हाताने लिहिते आणि आकडे बदलते. उत्तरं कोणत्या क्रमाने मांडायची, हेही आधी ठरवते. सगळ्यात चकचकीत रीत पहिली मांडली, की बाकीच्यांची तोंडं बंद होतात. आधी अडखळत, मोजून-मापून केलेली रीत, शेवटी थोडक्यात येणारी. दोन्हींत काय सारखं आहे ते वर्गाने शोधायचं.

गट पाडण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मैत्रीप्रमाणे पाडले की गप्पा, गुणांप्रमाणे पाडले की शांतता. पत्ते वाटून तिघातिघांचे गट पाडते, दर वेळी नवे. खडू गटात एकच, आणि तो धरणाऱ्याने स्वतःची कल्पना लिहायची नाही, दुसऱ्याने सांगितलेलीच लिहायची. मुलांनी फळ्याशी उभं राहून काम केलं तर फार फरक पडतो. वहीत लिहिलेलं जपलं जातं, फळ्यावरचं पुसायला कुणाचा जीव जात नाही.

गोंगाट होतो, हे खरं आहे. शेजारच्या वर्गातल्या सरांनी दारात येऊन बघितलंही. अभ्यासक्रम कसा संपवायचा, हा प्रश्न त्याहून मोठा. प्रत्येक तासाला चर्चा घेणं मला शक्य नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. रीत हातात बसण्यासाठी सराव लागतो, तो शांतपणेच करावा. प्रकरणात जिथे मुलं हमखास घसरतात ती एखाद-दुसरी जागा मी निवडते आणि तिथे वेळ सैल सोडते. शेकडेवारीत ती जागा म्हणजे किंमत २० टक्के वाढवून मग २० टक्के कमी करणं. १०० चे १२०, आणि १२० चे ९६. आधी कमी करून मग वाढवली तर? यावर वर्ग दुभंगतो आणि तरीही ९६ च येतात. ही दहा मिनिटं पुढे उजळणीत वाचतात.

सध्या वर्षअखेरीच्या मोकळ्या तासांना आम्ही कापरेकरांच्या वजाबाकीत अडकलो आहोत. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून हलायला नको. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. तीन अंकी संख्यांना ४९५ गाठते, हे मुलांनी स्वतः शोधलं. दोन अंकींत मात्र कुणीच थांबेना: ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१. सगळ्या ९ च्या पटीत का, यावर एका गटाने १०अ + ब मधून १०ब + अ वजा करून ९(अ − ब) दाखवलं, तेही न विचारता.

मग अर्थातच पाच अंकींची पाळी आली. एका गटाला ५९९९४ वरून ५३९५५ आणि तिथून परत ५९९९४ असं सापडलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आमच्या संख्या तिकडे येतच नाहीत, त्या ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ अशा चौघींतच फिरतात. दोन्ही गटांनी एकमेकांच्या वह्या ओढून घेऊन वजाबाक्या तपासल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. कुठल्या संख्या कुठल्या फेऱ्यात जातात हे आधीच ओळखता येईल का, यावर आता दोन्ही गट मिळून तक्ता करत आहेत.