तांबीची ‘नको’ घरच्यांना कळायला लागली

तांबी या कुत्रीला रस्त्यावरून घरी आणलं तेव्हा ती साधारण वर्षाची असावी. तिच्या भीतीपेक्षा घरच्यांची माया सांभाळणं मला अवघड गेलं.

भाचा शाळेतून आला की दप्तर टाकून थेट तिच्या गळ्यात पडायचा. ती जागची हलायची नाही. “बघ, किती गुणाची आहे!” आई कौतुकाने म्हणायची. तिला ते नको असतं हे सांगून पटेना, तेव्हा मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर अगदी सावकाश चालवून दाखवला. आधी तांबीने मान फिरवली. मग समोर खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवली. कान मागे गेले, डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा पांढरा भाग दिसला, तोंड मिटलं आणि अंग ताठ झालं. भाच्याने सोडताच तिने सगळं अंग झटकलं. आई एवढंच म्हणाली, “परत लाव.”

बाबांचं म्हणणं, शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे. पण पोटाकडे ओढलेली शेपूट भरभर हलते ती बरेचदा भीतीने. अंग सैल आहे का, ते बघायचं. ती गुरगुरली की बाबा दम द्यायचे. इथे मात्र मी भांडले. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती दडपली तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सरळ दात लागू शकतात. मग जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, लगेच दवाखाना गाठा. लहान मूल असलेल्या घरात ही वेळ का येऊ द्यायची?

आता तिला बोलवायचं, ती आली तरच छातीला जरा खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. अंग टेकवलं तर पुढे, तोंड फिरवलं तर बास. ती गोधडीवर जाऊन बसली की कुणीही हाक मारायची नाही. भाचा हे सगळ्यांत आधी शिकला. “आत्या, तिने जांभई दिली, पण तिला झोप नाही आलेली,” असं त्याने स्वतःहून सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पाहुण्यांचं अजून जड जातं. ‘मला कुत्री काही करत नाहीत’ म्हणत ते वाकून थेट डोक्यावर हात ठेवायला जातात. म्हणून कुणी यायच्या आधीच बाबा तिला आतल्या खोलीत नेतात. फटाक्यांत तर ती उकडलेलं चिकनसुद्धा तोंडात घेत नाही. यंदा दिवाळीत तिच्या भीतीसाठी द्यायच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं आहे.