ऑफिसच्या प्रॉक्सीमागे क्यूजीआयएस: माझा अनुभव

ब्राउझरमध्ये सगळं उघडतंय आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मात्र कॅनव्हास (नकाशा दिसायची जागा) पांढराफटक, हा प्रकार ऑफिसच्या नेटवर्कवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ओळखीचा असेल. माझं काम पाणलोटाच्या नकाशांचं. नाले, सिमेंट बंधारे, गावांच्या हद्दी आमच्याकडे शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये) आहेत. पण खाली ओपनस्ट्रीटमॅप किंवा उपग्रहाचं चित्र नसेल, तर बंधारा नाल्यावर पडलाय की शेजारच्या वावरात, हे कसं कळणार? भूवापराचा थर इसरोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावरून डब्ल्यूएमएसने (सर्व्हरकडून नकाशाचं चित्र मागवायच्या पद्धतीने) घ्यायचा, तोही येत नव्हता. त्यामुळे नवीन ऑफिसात आल्या आल्या याच्या मागे लागले.

आयटीला फोन केला. "मॅडम, ब्राउझरमध्ये साइट उघडते ना? मग आमच्याकडून ओके आहे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विंडोजमध्ये लॉगिन केलं की एज आणि क्रोम तीच ओळख प्रॉक्सीला (ऑफिसातून इंटरनेटकडे जाणाऱ्या विनंत्या ज्याच्यामार्फत जातात त्या सर्व्हरला) परस्पर देतात, आपल्याला काही विचारतही नाहीत. बाकीच्या प्रोग्रॅमना हे आपोआप जमेलच असं नाही.

मी आधी एरर नीट वाचायचं ठरवलं. क्यूजीआयएसमध्ये एफ-१२ दाबलं की डेव्हलपमेंट टूल्सचं पॅनेल उघडतं, त्यात बाहेर जाणाऱ्या विनंत्यांची नोंद दाखवणारा नेटवर्क लॉगर असतो. तो सुरू करून नकाशा जरा सरकवला, तर प्रत्येक टाइलसमोर (नकाशाच्या चौकोनी तुकड्यासमोर) ४०७. या आकड्यातच अर्धं निदान असतं. ४०७ म्हणजे विनंती प्रॉक्सीपर्यंत पोचली, पण पाठवणारा कोण हे त्याला पटलं नाही. ४०१ असता तर पलीकडचा सर्व्हर पासवर्ड मागतोय. ४०३ असता तर बहुतेक साइटच बंद केलेली आहे, मग अर्ज करा. आणि नुसताच टाइमआउट होत असेल तर प्रॉक्सीचा पत्ता किंवा पोर्ट तपासा. आयटीला "नेट चालत नाही" असं न सांगता "४०७ येतोय" असं सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आले.

प्रॉक्सीचा पत्ता मिळवणंही सरळ नव्हतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये फक्त पीएसी स्क्रिप्टची लिंक होती. ती फाइल उतरवून नोटपॅडमध्ये उघडली. आत जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन असतं: अंतर्गत पत्ते असतील तर थेट जा, नाहीतर अमुक प्रॉक्सी, पोर्ट ८०८०. तो पत्ता आणि पोर्ट सेटिंग्ज, ऑप्शन्स, नेटवर्कमध्ये घातला आणि प्रकार एचटीटीपी प्रॉक्सी निवडला. युजरनेम-पासवर्डसाठी तिथे दोन टॅब असतात. बेसिकमध्ये लिहिलेला पासवर्ड प्रोफाइलच्या (आपली सेटिंग्ज जिथे राहतात त्या फोल्डरच्या) आयएनआय फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहतो, कोणीही उघडून वाचावा. म्हणून मी कॉन्फिगरेशनचा टॅब घेतला. त्यात मास्टर पासवर्ड ठेवावा लागतो आणि बाकी सगळं एन्क्रिप्ट होऊन वेगळ्या डेटाबेसमध्ये जातं.

बेसमॅप (खालचा नकाशा) आला, प्लगइनची (जोड-प्रोग्रॅमची) यादी आली, भुवनही आलं. पण इंटरनेटवरचं उंचीचं रास्टर (चौकोनाचौकोनाने उंची साठवलेली फाइल) थेट उघडायला गेले तर पुन्हा ४०७, आणि डेटा उतरवणारं एक प्लगइन तर नुसतं लटकून बसलं.

खरा गुंता इथे आहे आणि तो सगळ्यांनी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. क्यूजीआयएस बाहेर पडतं ते एका दारातून नाही. टाइल, डब्ल्यूएमएस, प्लगइनची यादी हे सगळं क्यूटीमार्फत (क्यूजीआयएस ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीमार्फत) जातं. दूरची रास्टर जीडॅल ही नकाशाच्या फाइल वाचणारी लायब्ररी आणते, तिच्या पोटात कर्ल हे नेटवरून डेटा आणणारं साधन असतं. आणि बरीच प्लगइन पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरतात, ती क्यूजीआयएसच्या सेटिंगकडे ढुंकूनही बघत नाही. कुठलं दार अडलंय हे कळल्याशिवाय सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

प्रॉक्सीला नेमकं काय हवंय ते बघायला कमांड प्रॉम्प्टवर कर्ल चालवलं. विंडोज १० मध्ये ते आता आधीपासूनच असतं. सगळा तपशील दाखवणारा पर्याय (-v) लावून प्रॉक्सीचा पत्ता दिला की उत्तराच्या हेडरमध्ये प्रॉक्सी कुठल्या पद्धतीची ओळख मागतो ते दिसतं. आमच्याकडे निगोशिएट आणि एनटीएलएम या विंडोजच्या ओळख पटवायच्या पद्धती होत्या, साध्या युजरनेम-पासवर्डची बेसिक पद्धत नव्हतीच. मग उलगडा झाला. क्यूटीला एनटीएलएम येतं. जीडॅलला पासवर्ड मिळतो, पण वेगळं सांगितलं नाही तर ते बेसिक पद्धतच वापरतं. ऑप्शन्समधल्या सिस्टिम टॅबमध्ये जीडॅलचं प्रॉक्सी-ऑथ व्हेरिएबल एनटीएलएमवर ठेवलं, क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडलं, आणि रास्टर आलं. पायथॉनच्या रिक्वेस्ट्सला मात्र एनटीएलएम मुळातच येत नाही.

हे अर्धवट चाललेलं असतानाच ऑफिसचा पासवर्ड बदलायची तारीख आली. विंडोजचा बदलला, क्यूजीआयएसमध्ये जुनाच होता. नकाशा एकदा सरकवला की ढीगभर टाइल एकदम मागवल्या जातात आणि प्रत्येकीबरोबर जुना पासवर्ड जातो. खातं तत्काळ लॉक! मेल नाही, फाइल सर्व्हर नाही. पासवर्ड असा कुठेही साठवणं किती अडचणीचं आहे, हे तेव्हा आयटीलाही पटलं.

त्यांच्या परवानगीने मग मशीनवर पीएक्स नावाचा छोटा मुक्तस्रोत प्रोग्रॅम बसवला. तो १२७.०.०.१ वर (म्हणजे याच मशीनवर), पोर्ट ३१२८ ला बसतो आणि विंडोजचं चालू लॉगिन वापरून पुढच्या प्रॉक्सीशी स्वतः बोलतो. पासवर्ड कुठेच लिहावा लागत नाही. क्यूजीआयएसच्या नेटवर्क टॅबमध्ये हाच पत्ता दिला, ऑथेंटिकेशन रिकामं ठेवलं. जीडॅलचं एनटीएलएमचं व्हेरिएबल काढून टाकलं. पायथॉनसाठी एचटीटीपी आणि एचटीटीपीएस प्रॉक्सीची दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) त्याच पत्त्यावर लावली. तिन्ही दारं एकदम मोकळी झाली.

नाही म्हणायला प्लगइन अजून एका जागी अडलं: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड. आमचा प्रॉक्सी एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला) पुढे करतो. ते विंडोजच्या साठ्यात आहे, म्हणून ब्राउझर गप्प असतो. रिक्वेस्ट्स विश्वासाच्या सर्टिफिकेटची स्वतःची वेगळी यादी वापरते. आयटीकडून रूट सर्टिफिकेटची पीईएम फाइल घेतली, नेहमीच्या यादीच्या प्रतीत ती शेवटी जोडली आणि रिक्वेस्ट्सच्या सीए-बंडल व्हेरिएबलमध्ये त्या प्रतीचा मार्ग दिला. इंटरनेटवर यासाठी "व्हेरिफिकेशन बंद करा" असा सल्ला सर्रास मिळतो. कृपया तसं करू नका. मग समोरचा सर्व्हर खरा की खोटा, हे तपासणारं कोणी राहत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रॉक्सी लागल्यावर ऑफिसातलाच जिओसर्व्हर (नकाशे पुरवणारा आमचा सर्व्हर) दिसेनासा होतो, कारण त्याच्या विनंत्याही बाहेर जायला निघतात. नेटवर्क टॅबच्या खाली प्रॉक्सीतून वगळायच्या पत्त्यांची यादी असते, त्यात तो घालायचा. तिथे पत्त्याची सुरुवात जुळवून बघितली जाते, त्यामुळे नुसता आयपी लिहून चालत नाही. पुढचं एचटीटीपी, कोलन आणि दोन स्लॅशसकट लिहायला हवं. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसला यातलं काहीच लागत नाही, त्याचं कनेक्शन एचटीटीपीवरून जातच नाही.

आता प्रोफाइलमध्ये पासवर्डच नसल्यामुळे नवीन कोणी आलं की मी एक कोरं प्रोफाइल या सेटिंगसकट कॉपी करून देते आणि आयटीवाले पीएक्स लॉगिनबरोबर सुरू होईल असं लावून देतात. तरीही काही अडलं तर आधी एफ-१२ दाबून आकडा बघायचा आणि तो आकडा घेऊनच माझ्याकडे यायचं, एवढंच त्यांना सांगून ठेवलंय.