स्टीव्हन्सनच्या एडिनबरामध्ये

एडिनबराच्या रॉयल माईलवर लॉनमार्केटपाशी एका अरुंद बोळात शिरले की लेडी स्टेअर्स हाउस ही १६२२ सालची दगडी वास्तू लागते. येथील लेखक संग्रहालयात बर्न्स, स्कॉट आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या तीन स्कॉटिश लेखकांच्या वस्तू आहेत. मी उंचसखल पायऱ्या जपून उतरत थेट स्टीव्हन्सनचे दालन गाठले.

पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या एका सरदाराने त्याला भेट दिलेली अंगठी आणि त्याचे घोडेस्वारीचे बूट पाहण्यासाठी लोक थांबतात, पण मी रेंगाळलो तो एका लाकडी कपाटापाशी. ते बनवणारा विल्यम ब्रोडी हा अठराव्या शतकातला नामांकित सुतार आणि नगरपरिषदेचा सभासद होता. दिवसा प्रतिष्ठितांच्या घरी काम करावे आणि रात्री किल्ल्यांच्या नकला वापरून चोऱ्या कराव्यात, असे त्याचे दुहेरी आयुष्य १७८८ मध्ये फासावर संपले. हे कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होते. छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या त्या मुलाला दाई ॲलिसन कनिंगहॅम धर्मवीरांच्या आणि सैतानाच्या गोष्टी सांगत असे. पुढे त्याने ब्रोडीवर मित्राच्या साथीने नाटक लिहिले आणि १८८६ मध्ये डॉक्टर जेकिल व मिस्टर हाइड या एकाच माणसाच्या दोन रूपांची कथा. ती घडते लंडनमध्ये, पण मला तिच्यात एडिनबराच दिसते.

हे मत पक्के झाले ते टेकडी उतरून न्यू टाउनमध्ये गेल्यावर. हेरियट रो या रस्त्यावरचे त्याचे १७ क्रमांकाचे घर आज खासगी असल्याने बाहेरूनच पाहावे लागते. येथील रुंद, शिस्तशीर रस्ते आणि वरच्या जुन्या शहरातले काळोखे बोळ यांत चालण्याचे अंतर फारसे नाही, आणि विद्यार्थिदशेत स्टीव्हन्सन दोन्हीकडे सारखाच रमे.

त्याचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे. आजोबांनी भर समुद्रातल्या बेल रॉकवर दीपगृह उभारले होते. नातवाने ती विद्या सोडली, तरी वडिलांच्या कामानिमित्त १८७० मध्ये पाहिलेले स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे एरेड बेट ‘किडनॅप्ड’ या कादंबरीत जहाज फुटण्याच्या प्रसंगी उपयोगी पडले.

१८७८ मध्ये गाढवीसोबत केलेली फ्रान्समधल्या सेव्हेन डोंगरांतली पायपीट, पुढच्याच वर्षीचा कॅलिफोर्नियाचा खडतर प्रवास आणि १८८८ पासूनची पॅसिफिकमधली भटकंती यांवर त्याच्या चाहत्यांनी भरभरून लिहिले आहे. मला त्याहून विलक्षण वाटते ते हे, की सामोआच्या उष्ण हवेत बांधलेल्या घरातही त्याने शेकोटीची जागा ठेवली होती, आणि ३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो गेला तेव्हा त्याच्या हातात असलेली अपूर्ण कादंबरी, ‘वियर ऑफ हर्मिस्टन’, एडिनबराच्या एका कठोर न्यायाधीशाची आणि त्याच्या मुलाची होती.